वाचलेलं राहत का नाही? सिनॅप्सच्या कलाने अभ्यास करण्याची रीत

दर वर्षी जानेवारी लागला की माझ्या टेबलासमोर एक तरी मूल येऊन उभं राहतं आणि तेच गाऱ्हाणं सांगतं. मागच्या खेपेला अडावदकडची एक मुलगी होती. "सर, कालदिन वाचं व्हतं, आते आठवस नही." हृदयाचा धडा तिने चार वेळा वाचला होता. पुस्तकातली निम्मी पानं पिवळ्या पेनाने रंगवलेली. पोरीचं डोकं कच्चं आहे असं घरच्यांनी ठरवून टाकलं होतं, आणि तिलाही ते पटलं होतं.

मला याचा फार त्रास होतो. जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्यात मी बावीस वर्षं जीवशास्त्र शिकवतोय. मेंदूचा धडा दर वर्षी फळ्यावर काढतो, आणि तरीही कित्येक वर्षं मुलांना "पुन्हा पुन्हा वाचा" एवढंच सांगत राहिलो. आठवण मेंदूत बसते कशी हे नीट समजून घेतल्यावर तो सल्ला देणं मी थांबवलं. त्या मुलीकडून जे करून घेतलं, ते इथे क्रमाने लिहितोय. दहावी, बारावी, नीट, पोलीस भरती, तलाठी, परीक्षा कुठलीही असो, मेंदू तोच आहे.

आधी आत काय घडतं ते

हा भाग गाळून थेट पायऱ्यांवर जाऊ नका. कारण कळलं की पायऱ्या पाळाव्याशा वाटतात.

माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात. एका पेशीचं टोक आणि दुसरीची फांदी जिथे भेटते तिथे दोघींत एक बारीक फट असते. मिलिमीटरचे पन्नास हजार भाग केले तर त्यातल्या एकाएवढी. या सांध्याला सिनॅप्स म्हणतात; हे नाव १८९७ मध्ये चार्ल्स शेरिंग्टन यांच्यामुळे रूढ झालं. विजेचा संदेश टोकापर्यंत येतो, टोकातून फटीत रसायन सुटतं (बहुतेक ठिकाणी ग्लुटामेट), ते पलीकडच्या पेशीवरच्या दारांना लागतं, दारं उघडतात आणि संदेश पुढे सरकतो. एकेका पेशीवर असे हजारो सांधे असतात.

शिकणं म्हणजे या सांध्यांची ताकद बदलणं. कॅनडाच्या डोनाल्ड हेब यांनी १९४९ मध्ये हा अंदाज मांडला: एक पेशी दुसरीला चेतवण्यात वारंवार हातभार लावत असेल, तर त्या दोघींतला दुवा घट्ट होत जात असावा. पुरावा यायला बराच वेळ गेला. ऑस्लोत तेर्ये लोमो यांना १९६६ मध्ये सशाच्या मेंदूत त्याची चाहूल लागली, आणि १९७३ मध्ये त्यांनी टिम ब्लिस यांच्यासोबत सविस्तर निष्कर्ष छापले. हिप्पोकॅम्पस नावाच्या भागात जाणाऱ्या तंतूंना त्यांनी थोडा वेळ भराभर विजेचे झटके दिले. त्यानंतर त्याच तंतूंतून आलेल्या साध्या एका झटक्यालाही पलीकडच्या पेशी आधीपेक्षा जोरात प्रतिसाद देऊ लागल्या, आणि हा जोर कित्येक तास टिकला.

हे होतं कसं, ते फार सुंदर आहे. घेणाऱ्या पेशीवर दोन जातींची दारं असतात. एक अँपा, दुसरं एनएमडीए. ग्लुटामेट लागलं की अँपा दार लगेच उघडतं. एनएमडीए दारात मात्र मॅग्नेशियमचं बूच बसलेलं असतं. ग्लुटामेट आलं आणि त्याच वेळी ती पेशी आधीच पुरेशी चेतलेली असेल, तरच ते बूच निघतं. दोन्ही गोष्टी एका वेळी जुळाव्या लागतात. बूच निघालं की कॅल्शियम आत शिरतं, आतली विकरं कामाला लागतात, आणि त्या सांध्यावर आणखी अँपा दारं आणून बसवली जातात. पुढच्या वेळी तेवढ्याच ग्लुटामेटवर जास्त दारं उघडतात.

आपल्याकडे केळीला ठिबक आहे म्हणून मुलांना असं सांगतो: मोटर तीच, दाब तोच, पण लॅटरलला, म्हणजे झाडांच्या ओळीतल्या बारीक नळीला, टोचा मारून आणखी ड्रिपर बसवले तर झाडाला पाणी जास्त मिळतं. सिनॅप्समध्ये हे ड्रिपर घेणाऱ्या बाजूला बसतात, एवढा फरक ध्यानात ठेवायचा.

पण ही बसवलेली दारं काढलीही जातात. काही तासांत सांधा पूर्वपदावर येऊ शकतो. आठवण दिवसेंदिवस टिकायची असेल तर पेशीला पक्कं बांधकाम करावं लागतं, म्हणजे केंद्रकातली जनुकं चालू करून नवी प्रथिनं बनवायची आणि नवे सांधे उभारायचे. एरिक कँडल यांनी समुद्री गोगलगाईवर काम करून हा फरक दाखवला, त्यासाठी २००० साली त्यांना नोबेल मिळालं. गोगलगाईच्या शेपटीला एकच झटका दिला की ती काही मिनिटं बिचकते. तोच झटका मध्ये वेळ सोडून पुन्हा पुन्हा, काही दिवस दिला की बिचकणं आठवडेच्या आठवडे टिकतं. अशा शिकलेल्या गोगलगाईच्या एका संवेदी पेशीची टोकं मोजली तेव्हा ती सुमारे १३०० वरून दुपटीहून अधिक झालेली होती. म्हणजे मोजता येईल अशी वाढ. आणि नवी प्रथिनं बनणं औषधाने अडवलं तर थोड्या वेळाची आठवण राहते, लांबची बसत नाही.

त्या मुलीचं चार वेळा वाचणं एका दुपारचं होतं. तात्पुरती दारं बसली, पक्कं बांधकाम झालंच नाही. डोक्यात दोष नव्हता.

पहिली पायरी: एका वेळी एकच गोष्ट, वीस-पंचवीस मिनिटं

एनएमडीए दाराला जुळणी लागते, हे वर सांगितलं. लक्ष दुसरीकडे असताना डोळ्यांखालून गेलेल्या ओळी पेशींना पुरेसं चेतवत नाहीत. म्हणून फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. उलटा करून शेजारी ठेवणं पुरत नाही. घरात एकच खोली असेल तर शेजाऱ्याकडे द्या, ओसरीवर बसा, गावात अभ्यासिका असेल तर तिथे जा. धडा मोठा असेल तर तुकडा करा. हृदयाच्या धड्याचे मी तीन तुकडे पाडले: कप्पे आणि झडपा, रक्ताचा फेरा, ठोका कसा पडतो. एका बैठकीला एकच तुकडा.

दुसरी पायरी: पुस्तक मिटा आणि कोरा कागद घ्या

संपूर्ण लेखात एकच गोष्ट करायची असेल तर ही करा.

तुकडा वाचून झाला की पुस्तक मिटून बाजूला ठेवायचं. कोऱ्या कागदावर, काहीही न बघता, आठवेल ते लिहायचं. सुरुवातीला चार ओळी येतात आणि पुढे अंधार. तिथे हात पुस्तकाकडे जातो. जाऊ देऊ नका. तीन-चार मिनिटं तसंच बसा. "उजव्या निलयातून (हृदयाच्या खालच्या कप्प्यातून) रक्त कुठे जातं? फुप्फुसाकडे. मग त्या नळीचं नाव काय?" असे स्वतःलाच प्रश्न विचारा. आठवण्याचा हा जो त्रास आहे, तोच अभ्यास आहे. वाचताना आपल्याला सगळं येतंय असं वाटतं, कारण उत्तर समोर छापलेलं असतं. परीक्षेत उत्तर आतून काढायचं असतं, आणि आतून काढण्याची वाट वापरली तरच ती पक्की होते.

हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांचा २००६ चा प्रयोग मी वर्गात नेहमी सांगतो. विद्यार्थ्यांनी एक उतारा वाचला. मग काहींनी तोच उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी तपासलं तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने तपासलं तेव्हा चित्र पालटलं: आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के आठवलं, पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के. पाच मिनिटांनंतरचा तो निकालच आपल्याला फसवतो. परीक्षेच्या सकाळी घाईने पान चाळणाऱ्या मुलाला "येतंय की" वाटतं, ते यामुळे.

कागद लिहून झाला की लगेच पुस्तक उघडा आणि लाल पेनाने दुरुस्त करा. "लगेच" हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. करीम नाडेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली उंदरांवर दाखवलं की जुनी, पक्की झालेली भीतीची आठवण पुन्हा जागवली तर ती काही काळ नरम होते, आणि पुन्हा पक्की व्हायला नव्याने प्रथिनं लागतात. उंदराच्या भीतीवरून हृदयाच्या धड्याबद्दल थेट निष्कर्ष काढता येत नाही, हे मला मान्य आहे. पण आठवलेली गोष्ट चुकीच्या रूपात तशीच सोडून देऊ नये, एवढा धडा मी त्यातून घेतला. त्या मुलीने पहिल्या कागदावर "फुप्फुस धमनीत ऑक्सिजनयुक्त रक्त" लिहिलं होतं. धमनी म्हणजे शुद्ध रक्त, हे खालच्या वर्गात ठसलेलं. त्याच मिनिटाला तिने लाल पेनाने खोडून लिहिलं: धमनी हृदयापासून दूर नेते, आत रक्त कुठलंही असो.

पिवळे पेन मी वर्गातून बंद केलेले नाहीत, मुलांना ते आवडतात. रंगवण्याला अभ्यास समजू नका, एवढंच सांगतो.

तिसरी पायरी: मध्ये दिवस सोडा

शेतात मोकळं पाणी सोडलं की वाफा तुडुंब भरतो, बघायला समाधान वाटतं, आणि निम्मं पाणी मुळांच्या खाली निघून जातं. ठिबकवाल्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. तो रोज थोडं देतो. रात्रभर जागून एकदम केलेला अभ्यास हा मोकळ्या पाण्यासारखा आहे.

सिनॅप्सच्या पातळीवर याला आधार आहे. उंदराच्या हिप्पोकॅम्पसच्या कापांवर २०१२ मध्ये कॅलिफोर्नियात प्रयोग झाले. एकदा झटक्यांची मालिका देऊन सांधे बळकट केले, मग तीच मालिका पुन्हा दिली. दहा-वीस मिनिटांनी दिली तर काही भर पडली नाही. तासाभराने दिली तेव्हा मात्र पहिल्या खेपेला जे सांधे हललेच नव्हते तेही बळकट झाले. सांध्यांना पुन्हा तयार व्हायला वेळ लागतो. तेवढा वेळ न देता मारा करत राहिलं तर कष्ट वाया जातात.

तास झाला हा, दिवसांचं काय? निकोलस सेपेडा आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये तेराशेहून जास्त लोकांना काही माहिती शिकवली, वेगवेगळ्या अंतराने एकदा उजळणी करवली आणि मग वेगवेगळ्या काळाने परीक्षा घेतली. ढोबळ हिशोब असा निघाला: परीक्षा आठवड्यावर असेल तर उजळणी एक दिवसाने, महिनाभरावर असेल तर दहा-अकरा दिवसांनी, आणि वर्षभरावर असेल तर तीन आठवड्यांनी केलेली उत्तम. जितकं लांब टिकवायचं तितकं अंतर मोठं.

आपल्या घरातच याचं उदाहरण आहे. माझी आई कानबाईची, म्हणजे आमच्या खानदेशातल्या देवीची, गाणी म्हणते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, रात्रभर जागरण होतं, आणि आई एकामागून एक गाणी म्हणत जाते. कुठे लिहिलेली नाहीत. वर्षातून एकदाच सगळी म्हटली जातात. लहानपणी मात्र ती आजीच्या मागे बसून, रोटाचं (कानबाईच्या नैवेद्याचं) दळण दळताना, सडा घालताना, आठवड्याआड तुकड्या-तुकड्याने म्हणत होती. पहिली काही वर्षं अंतर लहान, मग वाढत वाढत वर्षाचं. एखादी ओळ अडली की ती वहीकडे जाऊ शकत नव्हती, आठवावीच लागत होती, आणि चुकली की शेजारची बाई तिथल्या तिथे सुधारत होती. वर सांगितलेल्या दोन्ही पायऱ्या त्यात आहेत.

आता त्या मुलीचं वेळापत्रक. परीक्षा साधारण पाच आठवड्यांवर होती. पहिल्या दिवशी सगळे तुकडे मिळून चाळीस मिनिटं वाचन आणि वीस मिनिटं कोरा कागद. दुसऱ्या दिवशी, काहीही न वाचता थेट कोरा कागद, पंधरा मिनिटं, मग दुरुस्ती. पाचव्या दिवशी तसंच. पंधराव्या दिवशी तसंच. तिसाव्या दिवशी दहा मिनिटं. एकूण दोन तासांच्या आत. चार वेळा सलग वाचण्यात तिचे दोन तास चाळीस मिनिटं गेले होते.

तारखा लक्षात ठेवायच्या कशा, हा प्रश्न सगळे विचारतात. भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. सोमवारी "हृदय १" वाचलं की त्याच क्षणी मंगळवार, शुक्रवार आणि पुढच्या दोन तारखांच्या चौकटीत "हृ १" लिहून टाका. आईने दुधाचा हिशोब लिहिलेल्या चौकटीत दोन अक्षरं मावतात. फोनवरची अ‍ॅप्स आहेत, चांगलीही आहेत, पण फोन हातात आला की बाकीचं सगळं येतं.

दुसऱ्या दिवशीच्या कागदावर खूप कमी येईल. घाबरू नका, आणि आधी "एकदा नजर टाकून" मग लिहायला बसू नका. थोडं विसरल्यानंतर आठवणं कठीण जातं, म्हणूनच त्याचा उपयोग होतो.

जाण्या-येण्याचा वेळ यासाठी सोन्यासारखा आहे. चोपड्याहून जळगावला क्लासला जाणारी मुलं एसटीत बसल्या बसल्या नोट्स काढतात. मी त्यांना सांगतो, वही बंद ठेवा. धानोरा येईपर्यंत फक्त मनात आठवा. विदगावला तापीचा पूल लागला की वही उघडा आणि अडलेलं बघा. खिडकीला डोकं टेकून हे करता येतं.

चौथी पायरी: नवं ज्ञान ओळखीच्या गोष्टीला बांधा, आपल्या बोलीत

आधीपासून घट्ट असलेल्या जाळ्याला जोडलेली गोष्ट लवकर बसते, कारण ती आठवायला एकाहून अधिक वाटा असतात. डाव्या निलयाची भिंत उजव्यापेक्षा जाड का, हे पाठ करायची गरज नाही. उजव्या निलयाला शेजारच्या फुप्फुसापर्यंत रक्त ढकलायचं असतं, डाव्याला टाळूपासून टाचेपर्यंत. विहिरीजवळच्या वाफ्याला तीन एचपीची मोटर चालते. दोन शेतं ओलांडून पाणी न्यायचं तर साडेसातची लागते. शेतकऱ्याच्या पोराला हे एकदा सांगितलं की पुन्हा सांगावं लागत नाही.

मग ते घरी कुणाला तरी समजावून सांगायचं, आणि घरच्या बोलीत. त्या मुलीने आजीला सांगितलं, "डाव्या कप्पाले सर्वा आंगले रगत धाडनं पडस, म्हनिसन त्यानी भिंत जाड." पुस्तकी वाक्य पाठ करून हे वाक्य बनत नाही. अर्थ कळला असेल तरच बनतं. वर्गात अहिराणी बोलणाऱ्या मुलांना गप्प करणारे शिक्षक मी पाहिले आहेत, आणि मला ते मनापासून चुकीचं वाटतं. मूल ज्या भाषेत विचार करतं तिच्यातच त्याच्या मेंदूतले जुने, घट्ट सांधे आहेत. नवं तिथेच बांधू द्या, परीक्षेची भाषा नंतर चढवता येते.

आकृत्यांचं थोडं वेगळं आहे. हेन्री मोलेसन या अमेरिकन माणसाच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग १९५३ मध्ये शस्त्रक्रियेत काढला गेला. त्यानंतर नवी माणसं, नवे प्रसंग त्याला लक्षात राहीनात. पण ब्रेंडा मिलनर यांनी त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला दिली तेव्हा तीन दिवसांत त्याचा हात सुधारत गेला, आणि आधी कधी हे केल्याचं त्याला आठवतही नव्हतं. हाताचं शिकणं मेंदूतल्या दुसऱ्या जागी बसतं. म्हणून हृदयाची आकृती कितीही वेळा नुसती बघितली तरी हात तयार होत नाही. तीन दिवस रोज एकदा, न बघता, काढायची. गणिताची उदाहरणंही अशीच हाताने, आणि एकाच प्रकारची वीस सलग न करता प्रकार मिसळून.

पाचवी पायरी: झोप

मुलं यात सर्वांत जास्त काटकसर करतात, आणि पालक त्याचं कौतुक करतात. "रात्री दोनपर्यंत लाइट चालू असतो" हे वाक्य अभिमानाने सांगितलेलं मी शेकडो वेळा ऐकलंय.

मॅथ्यू विल्सन आणि ब्रूस मॅकनॉटन यांनी १९९४ मध्ये दाखवलं की दिवसा उंदीर फिरत असताना हिप्पोकॅम्पसमधल्या ज्या पेशी एकत्र चेतल्या होत्या, त्याच नंतरच्या झोपेत पुन्हा एकत्र चेततात. दिवसाची उजळणी मेंदू स्वतः करतो. दुसरी गोष्ट सांध्यांच्या आकाराची. २०१७ मध्ये उंदरांच्या मेंदूतले हजारो सांधे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मोजले गेले. जागं राहिल्यानंतरच्या मानाने झोपेनंतर सांध्यांचं क्षेत्र सरासरी १८ टक्क्यांनी लहान झालेलं आढळलं. सर्वांत मोठे सांधे मात्र बहुतांशी तसेच राहिले होते.

यावल-रावेर पट्ट्यातल्या वाचकाला याचा अर्थ लगेच कळेल. केळीच्या बुडाशी फुटलेली पिलं वेळेवर कापली नाहीत तर घड भरत नाही. दिवसभरात मेंदूत बारीकसारीक हजार गोष्टींची पिलं फुटतात. झोपेत ती छाटली जातात आणि मुख्य झाडाला जोर राहतो, असा या मोजमापांचा अर्थ काही शास्त्रज्ञ लावतात. जागून केलेल्या अभ्यासात उजळणीही जाते आणि छाटणीही.

सात-आठ तास झोपा, आणि जमलं तर कोरा कागद झोपण्यापूर्वी लिहा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४४ पर्यंत जातो, पत्र्याच्या घरात रात्री बारापर्यंत भिंती तापलेल्या असतात. तेव्हा गच्चीवर किंवा घराच्या मातीच्या धाब्यावर अंथरूण टाका, पहाटेच्या गारव्यात अभ्यास करा, आणि दुपारी अर्धा तास पडून घ्या. दुपारी पुस्तक पुढ्यात घेऊन पेंगत बसण्यात काही राहत नाही.

रोजचं चालणंही यातच धरा. वयस्कर माणसांना वर्षभर नियमित चालायला लावलेल्या २०११ च्या एका अमेरिकन अभ्यासात त्यांचं हिप्पोकॅम्पस सुमारे दोन टक्के वाढलं. शाळेत सायकलवर जाणाऱ्या मुलाला वेगळा व्यायाम शोधावा लागत नाही. स्मरणशक्तीच्या चूर्णांवर आणि सिरपवर पैसे घालवू नका.

घरच्यांसाठी

हे पालकांना वाचून दाखवा. बेंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात सुमंत्र चटर्जी यांच्या गटाने २००२ मध्ये उंदरांना दहा दिवस, रोज दोन तास, हलता येणार नाही असं जखडून ठेवलं. त्यांच्या हिप्पोकॅम्पसमधल्या पेशींच्या फांद्या आखडल्या. भीतीशी संबंधित अमिग्डालामधल्या पेशींच्या फांद्या मात्र वाढल्या. सततच्या ताणात शिकण्याची जागा आकसते आणि घाबरण्याची जागा फोफावते.

"शेजारच्याला नव्वद पडले, तुझं काय", "दोन बिघे विकून फी भरली" ही वाक्यं दर संध्याकाळी ऐकणारं मूल वही उघडून बसतं तेव्हा त्याच्या आत काय चालू असतं, याचा विचार करा. पैशाची ओढाताण खरी असते, मी ती नाकारत नाही. पण तो हिशोब मुलाला रोज ऐकवल्याने त्याच्या लक्षात एक ओळही जास्त राहत नाही. त्याऐवजी कॅलेंडर बघा आणि म्हणा, "आज तुझं हृदय दोन आहे ना? चल, मला सांग." तुम्हाला विषय कळत नसला तरी चालेल. ते सांगताना अडलं तर त्याला पुस्तक उघडून बघू द्या.

अडलं तर

पहिल्या आठवड्यात बहुतेक मुलं ही रीत सोडायला निघतात. वाचताना सगळं सोपं वाटायचं, आता रोज आपण किती विसरलो ते कागदावर दिसतं, आणि वाईट वाटतं. या दिवसांत जुने कागद फेकू नका. एका फायलीत तारखेप्रमाणे लावा. दुसऱ्या दिवसाचा आणि पाचव्या दिवसाचा कागद शेजारी ठेवले की फरक डोळ्यांना दिसतो.

वेळापत्रक चुकलं, लग्न आलं, कापूस वेचायला जावं लागलं, तर जिथून सुटलं तिथून पुढे चला. पाचव्या दिवसाचा कागद आठव्या दिवशी लिहिला तरी चालतो. आणि पंधराव्या दिवशी कागद अर्धा कोरा राहिला तर अख्खा धडा पुन्हा वाचत बसू नका. जे आलं त्याचं अंतर तसंच वाढू द्या. जे आलं नाही त्याची वेगळी चिठ्ठी करा आणि तेवढ्याचंच अंतर दोन-तीन दिवसांवर आणा.

ती मुलगी पंधराव्या दिवशी कागद घेऊन आली तेव्हा रक्ताचा फेरा पूर्ण होता, फुप्फुस धमनी बरोबर होती, डाव्या निलयाशेजारी तिने एक मोटर काढली होती. झडपा मात्र दोन्ही उलट लिहिल्या होत्या, त्रिदल डावीकडे आणि द्विदल उजवीकडे. तिने तिथेच लाल पेन काढला, दुरुस्त केलं, आणि चिठ्ठीवर "झडपा" लिहून कॅलेंडरवरची तीन दिवसांनंतरची चौकट शोधायला लागली.